उमेदवार क्रमांक तीन

गळ्याला पांढरा बँड नसला की कंपालाच्या कोर्टात वकील दिसतच नाही. म्हणजे दिसतो चांगला, पाच-सहा फुटांचा असतो. पण जजसाहेब मान वर करणार, सरळ डोळ्यांत बघणार आणि म्हणणार, "वकीलबाई, तुम्ही मला दिसत नाही." रीतच आहे तशी. मग त्या बाईनं गपगुमान खाली बसायचं, केस महिनाभर पुढं जायची, आणि मागच्या बाकावरची पोरं आठवडाभर हसायला मोकळी.

गोरेती नाकिवालाच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिचा नंबर यायला दोनच केसेस उरल्या होत्या. तिनं पिशवी उपसली. फाइल निघाली, चार्जर निघाला, छत्री निघाली... बँड काही निघाला नाही.

तिची तरी काय चूक म्हणा. ती कातोंगा डेअरीच्या कायदा खात्याची मुख्य. करार लिहायचे, करार तपासायचे, साहेबांना "हे करू नका" असं दिवसातनं चार वेळा सांगायचं, हे तिचं काम. कोर्टात जायला हाताखाली माणसं असतात. तिच्याही होती. दोन वर्षांत तीन आली आणि तिन्ही गेली. शेवटचा शुक्रवारी केक कापून गेला, म्हणून सोमवारी बाई स्वतः काळा झगा घालून उभ्या.

"न्याबो, बाईसाहेब, काही हरवलं का?"

शेजारच्या बाकावर एक वकील बसला होता. उंच, सावळा, बुटांना लाल माती, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू कोर्ट म्हणजे मामाचं घर.

"बँड..." ती पुटपुटली.

"हा घ्या." त्यानं खिशातनं कागदात गुंडाळलेला, कडक इस्त्रीचा बँड काढला. "मी विसरभोळा माणूस. एक गळ्यात ठेवतो, एक खिशात, एक पिशवीत."

तिनं घाईघाईनं गळ्याला लावला. पण गाठ मानेमागं मारायची असते, आणि मागं तिच्या बारीक वेण्यांचं जंगल. गाठ काही बसेना.

"मी मारू?" त्यानं विचारलं. आणि तिनं मान हलवेपर्यंत थांबला, बरं का. मग हळूच वेण्या बाजूला केल्या. त्याच्या बोटांना आल्याच्या चहाचा वास होता. एवढीशी गाठ... पण गोरेतीच्या मानेवरनं काहीतरी सरसरत पाठीत उतरलं.

"झालं. आता जजसाहेबांना दिसाल," तो म्हणाला. आणि मग जरा हळू, "मला मघापासनं दिसताय."

ती काही बोलणार, तेवढ्यात पुकारा झाला. "मामा जोव्हिया सलून विरुद्ध कातोंगा डेअरी!"

गोरेती उभी राहिली. शेजारी तोही उभा राहिला.

"तुम्ही... मामा जोव्हियाचे वकील?"

"सिल्वर काबागाम्बे. भेटून आनंद झाला."

"मग मला बँड कशाला दिला? मी दिसलेच नसते तर—"

"तर केस महिनाभर पुढं गेली असती, आणि माझ्या बाईची भिंत महिनाभर पडलेलीच राहिली असती. स्वार्थ आहे, न्याबो. चांगुलपणा समजू नका."

केस तशी किरकोळ. मामा जोव्हिया ही बाई, इकडं आईला मामा म्हणतात. डेअरीचा दुधाचा ट्रक नातेते वस्तीत मागं घेताना सलूनच्या भिंतीवर गेला होता. भिंतीवर पाच केशरचना रंगवलेल्या. गिऱ्हाईक यायचं, बोट दाखवायचं, "तीन नंबर" म्हणायचं. आता भिंतही नाही आणि तीन नंबरही नाही. जजसाहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "दोघं शहाणे दिसता. बाहेर बसून मिटवा," म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

*

ऑफिसात बायामुकामा साहेब वाटच बघत होते. कंपनीचे मोठे साहेब, मोठं पोट, आवाज मात्र बारीक.

"गोरेती, तीन वकील गेले."

"मला माहिताय, साहेब."

"मला एक कळत नाही. आपण पगार बरा देतो. दूध फुकट देतो. तरी माणसं पळतात. मग खातं ठेवायचं कशाला? बाहेरच्या मोठ्या फर्मला सगळं काम देऊन टाकू. तू तिथं कागद पाठवायचे, आलेले कागद घ्यायचे. बस."

गोरेतीनं काखेतली फाइल टेबलावर ठेवली. ते खातं तिनं शून्यातनं उभं केलं होतं. एक टेबल, एक कपाट आणि ती... अकरा वर्षं झाली.

"तीन आठवडे," साहेब म्हणाले. "असा माणूस आण की जो टिकेल. नाहीतर मी त्या फर्मला पत्र लिहितो."

माणसांच्या खात्याच्या प्रॉसीबाई बाहेर दाराशीच होत्या. पंचावन्नच्या, चष्मा साखळीला लोंबत, आणि कान दाराला. "पोरी, जाहिरात काढते मी. पण माणूस आणणं माझं काम, टिकवणं तुझं. ते मला चिकटवू नको."

*

गुरुवारी नातेतेत तडजोडीची बैठक. बैठक कसली, सलूनसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधे मामा जोव्हिया, हातात कंगवा. रोख नको, भिंत बांधून द्या, आणि चित्रं होती तशी काढून द्या. एवढंच तिचं म्हणणं.

गोरेतीनं मसुदा आणला होता. सहा पानं. सिल्वरनं वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर अडकला.

"'केशरचना क्रमांक चार, जी यापुढे केशरचना क्रमांक चार म्हणून ओळखली जाईल...' न्याबो, हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"मग काय झालं?"

"काही नाही. वाचताना भरून आलं."

"चेष्टा करताय."

"थोडी. पण नवव्या कलमात तुम्ही लिहिलंय, चित्र मामा जोव्हियाला पसंत पडेपर्यंत रंगारी बदलून द्यायचा. हे मी मागितलं नव्हतं." त्यानं मान वर केली. "विरोधी वकिलानं माझ्या बाईसाठी न मागता काही दिल्याचं पहिल्यांदाच बघतोय."

"स्वार्थ आहे," गोरेती म्हणाली. "पुन्हा कोर्टात यायला नको मला."

सह्या झाल्या. मामा जोव्हियानं दोघांचे चेहरे बघितले, कंगवा केसात खोचला आणि म्हणाली, "आता जा. समोरच्या गाडीवर रोलेक्स खा. भुकेल्या तोंडानं एकमेकांकडं असं बघत बसू नका, गिऱ्हाईक बिचकतं."

गाडीवाल्यानं तव्यावर अंडी फोडली, कोबी-टोमॅटो टाकला, वर चपाती थापली आणि गुंडाळी करून कागदात दिली, झाला रोलेक्स. दोघं फुटपाथच्या कडेला उभे. गोरेतीच्या हनुवटीला तेल लागलं. सिल्वरनं स्वतःच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं. तिनं भलतीच बाजू पुसली. त्यानं पुन्हा दाखवलं. तिनं पुन्हा भलतीच. शेवटी दोघं हसायलाच लागले.

"तुमचं पाळण्यातलं नाव काय?" त्यानं विचारलं.

"गोरेतीच की."

"तसं नाही. आमच्या टोरोत, तिकडं फोर्ट पोर्टलला, नुसतं नाव घेऊन हाक मारली तर समजायचं भांडण आहे. प्रत्येकाला एक लाडाचं नाव असतं. डझनभर नावं आहेत, त्यातलंच एक. भेटलं की आधी ते विचारायचं."

"मी बुगांडाची. आमच्यात नसतं असं."

"मग द्यावं लागेल." तो चावत चावत विचार करायला लागला. "अब्वोली... नाही, ती मांजर. तुम्ही मांजर नाही. अतेन्यी! तुम्हाला अतेन्यी."

"म्हणजे काय?"

"नदीतली नागीण. सगळे वचकून असतात, पण नदी तिच्यामुळंच शोभते."

"आणि तुमचं?"

"अपूली." त्याचे कान लाल झाले असते, सावळा म्हणून वाचला. "कुत्र्याचं पिल्लू."

गोरेती इतकी हसली की रोलेक्समधला टोमॅटो बुटावर पडला. अकरा वर्षांत कामाच्या दिवशी ती अशी हसली नव्हती. डोक्यावरनं एक मोठा ढोक पक्षी उडत गेला, म्हाताऱ्या जजासारखा वाकून बघत. त्यालाही नवल वाटलं असेल.

*

पुढच्या बुधवारी भिंत उभी राहिली आणि रंगारी आला. करारात होतं म्हणून गोरेती बघायला गेली. करारात नव्हतं तरी सिल्वर आला.

रंगाऱ्यानं दोन नंबरच्या वेण्या काढल्या. "उजवीकडची बारीक झाली," गोरेती म्हणाली. त्यानं जाड केली. "आता कानापाशी वळण चुकलं." त्यानं वळवलं. "द्या, मी दाखवते..." आणि बाईंनी ब्रश हातात घेतला. रंगारी बिचारा बादली उलटी घालून तिच्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं चहा प्यायला गेला. तो परत येईना.

"अतेन्यी," सिल्वर हळूच म्हणाला, "तुमच्या खात्यात माणसं का टिकत नाहीत, ते कळलं मला."

तिचा ब्रश थांबला. "काय म्हणालात?"

"तुमच्या त्या पोरांपैकी एक माझ्या वर्गात होता. हुशार. तो सांगायचा, मसुदा नेऊन दिला की तांबड्या शाईत बुडून परत येतो. कोर्टात त्यानं काय बोलायचं, तेही शब्दन् शब्द तुम्ही लिहून देणार. साहेबांच्या बैठकीत तुम्ही जाणार, तो बाहेर फाइल धरून. माणूस पगारावर टिकत नाही हो. त्याला वाटावं लागतं की आपल्यावाचून काहीतरी अडतं. तुमच्याकडं कुणावाचून काही अडत नाही... तुमच्याशिवाय."

गोरेतीनं ब्रश रंगाच्या डब्यात टाकला. रंग उडाला, त्याच्या पांढऱ्या शर्टावर निळे ठिपके.

"माझं खातं बंद पडतंय," ती म्हणाली. "बारा दिवसांत माणूस मिळाला नाही तर सगळं संपलं. आणि तुम्ही मला... भिंतीसमोर उभं करून शिकवताय?"

"मला माहीत नव्हतं, न्याबो. मी—"

ती निघालीच. टॅक्सीत बसली, खिडकीशी. डोळ्यांत पाणी, आणि बोटांना निळा रंग. सगळ्यात वाईट काय होतं माहिताय? त्याचं खरं होतं.

ऑफिसात तिनं कपाटातनं तीन राजीनामे काढले. एकाखाली एक वाचले. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं... खूप शिकायला मिळालं, आता स्वतः काही करून बघायचंय. तेव्हा तिनं या पत्रांतल्या स्पेलिंगच्या चुका काढल्या होत्या. तांबड्या शाईत. तिची तिलाच लाज वाटली.

तिनं प्रॉसीबाईंची जाहिरात उघडली, सिल्वरच्या फोनवर पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली... "जे भिंतीसमोर बोललात, ते मुलाखतीत समोर बसून सांगा."

अर्ज दुसऱ्या दिवशी आला.

आणि अर्ज आला म्हणताच बाईंनी त्याला भेटणं बंद केलं. नियम म्हणजे नियम. उमेदवाराशी बोलायचं नाही, चहा नाही, रोलेक्स नाही. त्यानं एकदा फोन केला, तर म्हणाली, "मुलाखत होईपर्यंत तुम्ही मला ओळखत नाही." तो म्हणाला, "प्रयत्न करतो. अवघड आहे." आणि ठेवला.

नऊ दिवस. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं, कामं उरकली. तिसऱ्या दिवशी चहात आलं जास्त घालायला लागली. पाचव्या दिवशी नातेतेवरनं जायचं काही कारण नव्हतं, तरी गेली. भिंतीवर पाचही केशरचना झाल्या होत्या, रंगाऱ्यानं त्याच्या मनानं काढल्या होत्या आणि तिच्यापेक्षा चांगल्या निघाल्या होत्या. सातव्या दिवशी फोन उलटा ठेवून बसली, म्हणजे वाजला नाही हे दिसायला नको. आणि आठव्या दिवशी, भांडी घासता घासता, तिच्या तोंडून आपोआप निघालं... "अगं बाई. हे तर तसलंच काहीतरी आहे."

*

मुलाखतीचा दिवस. तीन उमेदवार. पहिला सकाळी येऊन, सुट्ट्या किती मिळतील एवढंच तासभर विचारून गेला. त्याचं नाव नोंदवून प्रॉसीबाईंनी चष्मा पुसला. मग बायामुकामा साहेब म्हणाले, "थांबा, तो संबंधाचा फॉर्म राहिला की. आधी भरायचा असतो."

तो फॉर्म. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकानं भरायचा. उमेदवारांपैकी कुणाशी नातं, मैत्री, वैर किंवा निवडीवर परिणाम होईल असा काही संबंध आहे का? सगळे "नाही" लिहितात, सही करतात, झालं. कोठारबाबूनं एकदा स्वतःचा भाचा चिकटवला होता, तेव्हापासनं कंपनीत हा फॉर्म आला. आणि लिहिला होता कुणी? गोरेतीनंच.

तिनं पेन उचललं. "नाही" लिहिलं तर सिल्वर येईल, खातं वाचेल, कुणाला काही कळणार नाही. तिचंच खातं, तिचाच फॉर्म, दोन अक्षरांचं काम... पण ज्या खात्याचा पायाच खोटा, ते वाचवून करायचं काय?

तिनं लिहिलं, "उमेदवार क्रमांक तीन. ओळख आहे."

प्रॉसीबाईंनी कागद उचलला, चष्मा नाकावर आणला. "पोरी, खाली बघ. 'अस्पष्ट उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.' तूच लिहिलंयस."

"प्रॉसीबाई..."

"कसली ओळख? नातं?"

"नाही."

"वैर?"

"होतं. भिंतीवरनं. मिटलं."

"मग?"

गोरेतीनं कागद ओढून घेतला. कानशिलं तापली होती. एक ओळ लिहिली, सही केली, कागद सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. आणि नियम असा की फॉर्म मोठ्यानं वाचायचा, नोंदीसाठी. तोही नियम तिचाच.

"'उमेदवार क्रमांक तीन,'" प्रॉसीबाई वाचायला लागल्या, "'मला आवडतो. फार. त्याला हे...'" त्यांनी चष्मा वर सरकवला. "'त्याला हे माहीत नाही.'"

पंखा फिरत होता. साहेबांच्या खुर्चीनं कुईं केलं.

"दुधाच्या कंपनीत एकवीस वर्षं काढली," साहेब शेवटी म्हणाले, "असा फॉर्म बघितला नाही." मग घसा खाकरला. "नियमाप्रमाणं त्याच्या मुलाखतीला तू बाहेर बसायचं."

"हो, साहेब."

"आणि तो आला तर तुझ्या हाताखाली नाही ठेवता येणार. म्हणजे आला तरी तुझं खातं वाचत नाही. कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

"तरी लिहिलंस?"

"खरं होतं, साहेब."

*

बाहेरच्या बाकावर सिल्वर बसला होता. तपकिरी कोट, आणि आतला शर्ट तोच, निळ्या ठिपक्यांचा. पलीकडच्या टोकाला पिवळी पिशवी मांडीवर घेऊन एक बारीक पोरगी. दोन नंबरची उमेदवार, उशिरा पोचली म्हणून मागं राहिलेली.

सिल्वरनं गोरेतीला बघितलं आणि झटकन दुसरीकडं तोंड फिरवलं. "मी तुम्हाला ओळखत नाही," तो भिंतीला म्हणाला.

"आता चालेल ओळखलं तरी. जा आत."

तो गेला. गोरेती त्याच्या जागेवर बसली. बाक अजून कोमट होतं. आतनं बोलणं ऐकू येईना. मग एकदम प्रॉसीबाईंचं हसणं आलं, आणि साहेबांचंही, बारीक आवाजात, खीखी करून. पाच मिनिटांत दार उघडलं.

"एवढ्यात?" ती उभीच राहिली.

"अर्ज मागं घेतला."

"काय? का? तुम्हाला काही म्हणाले का ते?"

"नाही हो. त्यांनी मला उमेदवारांचा फॉर्म दिला. कंपनीतल्या कुणाशी काही संबंध आहे का, लिहा. मी बराच वेळ बघत बसलो. मग लिहिलं." तो थांबला. "त्यावर त्या बाई चष्मा काढून हसल्या. काय गंमत होती मला कळलं नाही."

"काय लिहिलंत?"

"आधी तुम्ही सांगा, तुम्हाला बाहेर का बसवलं?"

"मी आधी विचारलं."

"मी जास्त घाबरलोय."

पिवळ्या पिशवीवाल्या पोरीनं मान खाली घातली, पण कान इकडंच होते.

सिल्वरनं खिशात हात घातले, काढले, परत घातले. "मी लिहिलं... 'सध्या नातं नाही. देत असतील तर घेईन.'"

गोरेतीला वाटलं, आपण खाली बसलेलं बरं. मग वाटलं, उभंच राहिलेलं बरं.

"मग अर्ज का मागं घेतला, वेड्या?" ते 'वेड्या' कुठनं आलं, तिला कळलंच नाही. "मला माणूस पाहिजे होता..."

"माझी नातेतेतली खोली, माझं टेबल, माझी मामा जोव्हियासारखी माणसं... मी बरा आहे तिथं. नोकरी नकोच होती मला. तू लिहिलंस, समोर बसून सांगा. मला समोर बसायचं होतं, एवढंच." तो जवळ आला, पण पाऊलभर अंतर ठेवून. "आता तू सांग. तू काय लिहिलंस?"

"गोपनीय आहे."

"अतेन्यी."

"...फार आवडतो, असं लिहिलंय." ती त्याच्या शर्टावरच्या ठिपक्यांशी बोलत होती. "'फार' मी नंतर घातलं. अस्पष्ट उत्तर चालत नाही आमच्याकडं."

तो हसला नाही. पहिल्यांदाच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं... म्हणजे हा गडी हसता हसता सगळं लपवत होता तर.

"तुझं खातं?" त्यानं विचारलं.

"बघते. अजून एक उमेदवार आहे."

"आहे. आणि ती तासाभरापासनं तुझ्या कंपनीच्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करतीये. मी तुझ्या जागी असतो तर जरा घाबरलो असतो. जा. मी बाहेर थांबतो."

*

पोरीचं नाव नातुकुंदा. अनुभव वर्षाचा. अर्ज चाळताना गोरेतीनं तिला पसंतीत सगळ्यात खाली ठेवलं होतं, कारण अर्जातली भाषा फार धीट वाटली होती.

"कंपनीबद्दल काय माहिताय?" साहेबांनी विचारलं.

पोरीनं पिवळ्या पिशवीतनं एक मळका कागद काढला. "माझे वडील तुम्हाला दूध घालतात, साहेब. शेतकऱ्याला दिलेला हा करार. यात म्हणलंय, ट्रक कंपालाला पोचेपर्यंत दूध नासलं तर जबाबदारी शेतकऱ्याची. म्हणजे ट्रक तुमचा, ड्रायव्हर तुमचा, पंक्चर तुमचं, आणि दूध आमचं? हे कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही. कुणी लिहिलंय माहीत नाही, पण ज्यानं लिहिलं त्यानं कधी गायीकडं बघितलेलं नाही."

प्रॉसीबाईंनी खोकल्याचं निमित्त केलं. साहेबांनी गोरेतीकडं बघितलं.

गोरेतीनं कागद हातात घेतला. कलम तिचंच. आठ वर्षांपूर्वीचं. तिची बोटं सवयीनं तांबड्या पेनाकडं गेली... आणि टेबलावर पसरून शांत राहिली.

"मी लिहिलंय," ती म्हणाली.

पोरीचा चेहरा उतरला. पण कागद काही तिनं परत मागितला नाही. "मग... तुम्हीच बदलू शकता, न्याबो."

"मी नाही. तू बदल. पहिल्या आठवड्यात नवा मसुदा लिहायचा आणि साहेबांच्या बैठकीत तू स्वतः मांडायचा. मी शेजारी बसेन, बोलणार नाही. कोर्टाची कामंही तुझी. चुकलीस तर दोघी मिळून निस्तरू. ये, पण एका अटीवर... मी मधे नाक खुपसलं तर तोंडावर सांगायचं."

"ते जमेल मला," पोरगी एवढ्या चटकन म्हणाली, की साहेब पोट धरून हसले.

ती बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "ही टिकेल?"

"ती टिकेल का, ते माझ्यावर आहे, साहेब," गोरेती म्हणाली. "टिकेल."

साहेबांनी फर्मला लिहून ठेवलेलं पत्र घडी करून खिशात टाकलं. "बरं. ठेव तुझं खातं. आणि आता जा बाहेर, तुझा उमेदवार उन्हात वाळतोय."

*

फाटकाबाहेर फणसाचं झाड. त्याखाली एक बाई गरे विकत बसलेली, आणि सिल्वर कागदात गरे घेऊन उभा, दोन्ही हात चिकट.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. वाचलं खातं."

त्यानं तिला एक गरा भरवला. तिनं खाल्ला, भर रस्त्यात, कंपनीच्या फाटकासमोर. पहारेकऱ्यानं आभाळात काही तरी महत्त्वाचं असल्यासारखं वर बघितलं.

"आता माझं काय?" तो म्हणाला. "तुझ्या वडिलांना भेटायला कधी येऊ?"

"थेट वडिलांना? आमच्यात असं नसतं. आधी सेंगा. माझी आत्या. तिनं हो म्हणलं की पुढचं सगळं. मुकोनोला असते. मागं एक इंजिनियर आला होता, पाण्याचा ग्लास अर्धा टाकून पळाला."

"लाव फोन."

"आत्ता?"

"पुन्हा माझी हिंमत होईल, न होईल."

तिनं लावला. पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या. "सेंगा, मी गोरेती. एक... एक माणूस आहे."

"कुठला?"

"टोरोचा. वकील."

"टोरोचा आणि वर वकील? म्हणजे दोन्हीकडनं गोड बोलणारा." सेंगाचा आवाज झाडाखाली सगळ्यांना ऐकू जात होता. "शेजारीच उभाय ना?"

"...हो."

"मग दे फोन त्याच्याकडं, आणि तू लांब हो."

गोरेतीनं फोन दिला आणि खरंच लांब झाली. गरेवालीजवळ जाऊन उभी राहिली. सिल्वरनं चिकट हातानं कोटाचं बटण लावलं, ताठ उभा राहिला. "हो, सेंगा... नाही, सेंगा... धाकटा, सेंगा... स्वयंपाक? चहा चांगला करतो, सेंगा..." कपाळावर घाम. पण पळाला नाही गडी. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पलीकडनं एकदा हसण्याचा मोठा आवाज आला, तशी गरेवालीनं गोरेतीला कोपरानं ढोसलं.

मग त्यानं फोनवर हात ठेवला आणि लांबनंच ओरडला, "रविवारी बोलावलंय! विचारतायत, आमच्याकडनं किती माणसं येणार?"

"मग काय सांगितलंस?"

"मी म्हणलं, बातमी कळली की अख्खं फोर्ट पोर्टल!"

त्यानं झाकलेल्या हाताखालनं, कोंबड्यांच्या कलकलाटातनं, सेंगाचा आवाज खणखणीत बाहेर आला, "येऊ देत की! पण भांडी तुमची तुम्ही घेऊन या!"